गूगलविना एकवीस दिवस

मंडळी, दीड महिना इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "मावशी, तब्येत बरी आहे ना?" बडोद्याच्या भाच्यानं तर शेजाऱ्यांना फोन लावून खात्री करून घेतली. तब्येत ठणठणीत आहे. कारण वेगळंच होतं आणि ते जरा पाल्हाळानं सांगावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

यंदा ९ एप्रिलला इथल्या एका वाचनालयात सार्वजनिक काकांवर बोलायला बोलावलं होतं. गणेश वासुदेव जोशी, जन्म साताऱ्याचा, १८२८ चा. पण साताऱ्यात दहा जणांना विचारलं तर नऊ जण 'कोण काका?' म्हणतील. पुण्यात १८७० साली सार्वजनिक सभा निघाली ती यांच्या खटपटीनं. वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला लोक धजावत नव्हते, ते यांनी घेतलं. पण मला या माणसाचं कौतुक वाटतं ते आणखी एका गोष्टीसाठी. १८७२ च्या सुमारास यांनी ठरवलं, की यापुढे अंगावर परदेशी कापड घालायचं नाही, हातानं कातलेलंच घालायचं. गांधीजी तेव्हा पोरबंदरात दोन-तीन वर्षांचे होते. वंगभंग, परदेशी कापडाच्या होळ्या हे सगळं व्हायला अजून तीस-बत्तीस वर्षं होती. चळवळ नाही, पाठीशी कोणी नाही, एकट्या वकिलानं घेतलेलं व्रत. आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथे राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते, तिथे सभेचा प्रतिनिधी म्हणून हा गृहस्थ खादीच्या कपड्यांत जाऊन उभा राहिला!

हे सगळं रंगून सांगून झालं आणि माझा एक जुना विद्यार्थी उठला (आता तोही निवृत्त आहे). म्हणाला, "बाई, काकांच्या वेळी मँचेस्टरचं कापड होतं. आज काका असते तर त्यांनी कशावर बहिष्कार टाकला असता?"

मी म्हटलं, "गूगलवर."

लोक हसले. मीही हसले. पण तो बसेना. "मग बाई, तुम्ही टाकून बघा की!"

चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, की जे करणार नाही ते बोलू नये. आता काय करणार? म्हटलं, एकवीस दिवस. व्रताला बरा आकडा.

घरी येऊन जुनी वही काढली आणि गूगलचं काय काय आपण वापरतो त्याची यादी केली. शोधणं, ईमेल, नकाशा, यूट्यूब, फोटो, क्रोम, फोनवरचं मराठी टंकन, पैसे पाठवणं, आणि खुद्द फोन. शेवटी लक्षात आलं की हा ब्लॉगही त्यात येतो. ब्लॉगर ही मुळात पायरा लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीची सेवा, ती गूगलनं २००३ मध्ये विकत घेतली. म्हणजे बहिष्कारावर लिहायचं, तर तेही बहिष्कार संपल्यावर! म्हणून ही शांतता.

इतिहास शिकवलेल्या माणसाला यादी करून भागत नाही, समोर सनावळी लागतेच. म्हणून दुसरा रकाना आखला : हे आपल्या घरात कधी आलं आणि का आलं? हा रकाना भरताना मात्र मी गप्प झाले.

शिकवताना आपण सांगतो, की इंग्रजांनी जकातीचे नियम वाकवले, इथला विणकर बुडवला, मग कापड लादलं. इथे लादलं कोणी? २००४ च्या १ एप्रिलला जीमेल आलं तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं. हॉटमेल तेव्हा २ एमबी जागा द्यायचं, याहू ४ एमबी. आणि हे म्हणत होते, घ्या १ जीबी! सुरुवातीला आमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे, सगळ्यांना ते खुलं झालं २००७ मध्ये. मी २००६ साली भाच्यामागे लकडा लावून आमंत्रण मिळवलं होतं. म्हणजे दारावर धाड आली नव्हती, मीच ताटकळत रांगेत उभी होते. का? तर माझा दादा बडोद्याला, मी इथे, आणि पत्राला आठ दिवस लागत.

मराठी टंकनाचंही तेच. जुन्या ब्लॉगकरांना आठवत असेल, आपण बरहा घेतलं, गमभन घेतलं, कोणी श्रीलिपीत टंकून चित्र चिकटवायचे. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला चौकोन दिसायचे. २००९ च्या अखेरीस गूगलचं लिप्यंतराचं साधन आलं, त्यात मराठी होती. आपण सगळे तिकडे सरकलो. नकाशा आला २००५ मध्ये. फोटोंची सोय २०१५ मध्ये आली, तेव्हा 'कितीही ठेवा, फुकट' असं होतं. २०२१ च्या जूनपासून त्याला मोजमाप लागलं. तोवर नातवंडांची बारशी-वाढदिवस सगळं तिथे जाऊन बसलं होतं.

प्रत्येक वस्तू घरात आली ती एखादी खरी अडचण होती म्हणून आली. आणि तिच्याआधी जे काही मोडकंतोडकं आपल्याकडे होतं, ते आपण आनंदानं टाकून दिलं.

गंमत म्हणजे धोका काय आहे हे त्या दोघा संस्थापकांनाच आधी दिसलं होतं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन स्टॅनफर्डला विद्यार्थी असताना १९९८ साली त्यांनी आपल्या शोधयंत्रावर निबंध लिहिला. त्याच्या परिशिष्टात म्हटलंय, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल, ग्राहकाकडे नाही. त्याच वर्षी कंपनी निघाली आणि २००० साली जाहिराती विकायला सुरुवात झाली. पुढचं आपण पाहतोच आहोत.

असो. व्रताकडे वळू.

पहिला आठवडा सोपा गेला. शोधायला डकडकगो घेतलं. क्रोम काढून फायरफॉक्स बसवलं. ईमेलसाठी तमिळनाडूतल्या झोहोचं खातं काढलं. फोन कपाटात ठेवून जुना बटणांचा फोन बाहेर काढला. (कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरून मी गायब झाले ती अशी. व्हॉट्सॲप गूगलचं नाही हे मला ठाऊक आहे, पण फोनच नाही तर करता काय?) विजेचं बिल कार्यालयात जाऊन भरलं. राजवाड्याजवळ भाजीवालीला शंभराची नोट दिली तर ती म्हणाली, "आजी, सुट्टे कुठून आणू? स्कॅन करा की." शेवटी पालेभाजी जास्त घेऊन हिशेब जुळवला. तीन दिवस मेथी खाल्ली.

दुसऱ्या आठवड्यात पुण्याची नात आली. ती संगणकातच काम करते. तिला मी मोठ्या अभिमानानं सगळं दाखवलं. ती हसत सुटली. "आजी, डकडकगो बरेचसे निकाल बिंगकडून घेतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून. आणि तुझं फायरफॉक्स ज्यांचं आहे त्या मोझिलाची बहुतेक कमाई कुठून येते माहिताय? गूगलकडून! शोधाचं पहिलं पान त्यांचं ठेवावं म्हणून ते पैसे देतात."

मला एकदम मुंबईच्या गिरण्या आठवल्या. स्वदेशीच्या काळात लोक परदेशी धोतर टाकून मुंबईचं धोतर घ्यायचे. पण ते ज्या मागावर विणलं जायचं ते यंत्र बहुधा लँकेशायरमधून आलेलं असायचं. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं तर जगभर जात. बारीक सूतही बाहेरून यायचं. आणि मागणी वाढल्यावर आपल्याच गिरणीवाल्यांनी भावही वाढवले. म्हणून काही ती चळवळ खोटी ठरत नाही. पण 'शुद्ध' स्वदेशी धोतर शोधायला निघालेल्या माणसाची १९०५ साली काय गत झाली असेल, ते मला त्या दिवशी नीट कळलं. वर्गात पंचवीस वेळा तरी हा धडा शिकवला असेल, पण कळला आत्ता.

नात म्हणाली, खरं व्रत करायचं तर गूगलचे सगळेच दरवाजे बंद करून बघू. असा प्रयोग २०१९ मध्ये कश्मीर हिल या अमेरिकी पत्रकार बाईंनी केला होता. एका तंत्रज्ञाच्या मदतीनं त्यांनी गूगलच्या ताब्यातले लाखो इंटरनेट पत्ते अडवून टाकले. तेव्हा त्यांना कळलं, की ज्यांचा गूगलशी काही संबंध आहे असं वाटतही नाही, अशा सेवाही अडखळतात. टॅक्सीचं ॲप नकाशासाठी गूगलवर अवलंबून, कोणी 'तुम्ही माणूस आहात ना' हे तपासायला गूगलवर.

नातीनं माझ्या संगणकावर तसंच काहीसं केलं. मग काय विचारता! कितीतरी पानांची अक्षरंच बदलली, कारण संकेतस्थळं आपले फॉन्ट गूगलकडून मागवतात. (यात एक बरी गोष्ट कळली. त्या भांडारातला 'मुक्त' हा सुरेख देवनागरी टंक मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला आहे, आणि तो मोकळा आहे, उतरवून घेऊन कुठेही वापरता येतो.) एका ठिकाणी खात्यात शिरायचं होतं तर 'मी यंत्रमानव नाही' ही चौकटच उमटेना. यंत्रानं मला माणूस मानायचं नाकारलं!

या चौकटीचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे. रीकॅप्चा ही युक्ती निघाली २००७ मध्ये, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात, लुईस फॉन आन यांच्या डोक्यातून. पूर्वी दोन वेडेवाकडे शब्द दिसायचे, आठवतं? त्यातला एक शब्द खऱ्या जुन्या छापील मजकुरातला असायचा, जो यंत्राला वाचता आला नव्हता. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे लोकांकडून, लोकांना न कळता, शब्दाशब्दानं वाचून घेतले गेले. २००९ मध्ये गूगलनं ती घेतली. म्हणजे आपण सगळ्यांनी तिथे थोडी थोडी वेठ भरली आहे. जुनी वर्तमानपत्रं वाचली गेली याचा मला, इतिहासाची म्हणून, आनंदच वाटतो. विचारून केलं असतं तर आणखी वाटला असता.

फोनची गोष्ट त्याहून अवघड. अँड्रॉइड गूगलनं २००५ मध्ये विकत घेतलं आणि आज आपल्या देशातल्या शंभर स्मार्टफोनांपैकी पंचाण्णवच्या आसपास फोन त्यावर चालतात. गूगल वगळून केलेली अँड्रॉइडची रूपं आहेत, पण त्यातलं नावाजलेलं ग्राफीनओएस बरीच वर्षं चालत आलं ते फक्त गूगलनंच बनवलेल्या पिक्सेल फोनवर. काय बोलायचं! आणि फोन बदलला तरी माझ्या बँकेचं ॲप त्यावर चालेल याची खात्री नाही. बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय २०२२ पासून आहे, पण ती मला एकदाही धड जमली नाही. दोष माझ्या बोटांचा.

कोर्टकचेऱ्यांचं थोडक्यात सांगते. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणी १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांनी गूगलची ॲप्स सगळीच्या सगळी बसवावीत, निवडायची नाहीत, ही अट मुख्य आक्षेपाची होती. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाबतीत गूगल बेकायदा मक्तेदारी चालवते असा निकाल दिला. (जन्मानं हे गुजरातेतल्या पाटणचे.) त्या खटल्यात बाहेर आलं, की आयफोनवर आपलं शोधयंत्र आधीपासून असावं म्हणून गूगलनं ॲपलला एका २०२२ सालात सुमारे २० अब्ज डॉलर दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरले, त्यात क्रोम विकून टाका असं काही सांगितलं नाही. एकमेव आम्हालाच घ्या असे करार मात्र बंद. मला तो २० अब्जांचा आकडाच बोलका वाटतो. लोक आपणहून येतातच, तर दाराशी उभं राहायला एवढे पैसे कशाला मोजावे लागतात?

आता कबुली. अकराव्या दिवशी व्रत मोडलं. संध्याकाळी नाट्यसंगीत ऐकायची सवय, आणि कॅसेटी सगळ्या बुरशीनं गेलेल्या. नातीच्या फोनवर यूट्यूब लावलं आणि तासभर ऐकत बसले. लोकांनी आपापल्या माळ्यावरच्या टेपा, तबकड्या तिथे आणून ओतल्या आहेत. दुसरं एवढं मोठं कोठार मराठी माणसानं बांधलेलं नाही. २००६ मध्ये गूगलनं यूट्यूब १६५ कोटी डॉलरला घेतलं तेव्हा लोक म्हणाले होते, फार पैसे दिले! आपण आपल्या तबकड्या फुकट दिल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पण आता मी फक्त सोडत नव्हते, सोडलं त्या जागी काय आहे ते बघत होते. आणि नकाशापाशी येऊन थांबले.

ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. २००४ मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला. विकिपीडियासारखा, कोणीही भर घालावी, कोणीही वापरावा. उघडला तर आमच्या भागातले मुख्य रस्ते ठीक, पण गल्ल्या नुसत्या रेघा, नावं नाहीत. नात म्हणाली, "रिकामा आहे तर भर की!" आणि तिनं एक आठवण सांगितली. २००८ पासून गूगलचीही अशीच एक सोय होती, मॅप मेकर. ती भारतातच घडली होती. हजारो लोकांनी आपापल्या गावचे रस्ते त्यात हौसेनं भरले. २०१७ मध्ये ती बंद झाली. भरलेले रस्ते अर्थातच गूगलच्या नकाशात राहिले.

मला तळेगावचा काच कारखाना आठवला. अंताजी दामोदर काळे यांनी दारोदार फिरून माणशी एक एक पैसा मागितला, त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तो उभा राहिला. तिथे काचकाम शिकून माणसं पुढे ठिकठिकाणी गेली. होळीचं चित्र पाठ्यपुस्तकात येतं, धुरामुळे. पैसा फंड एका ओळीत संपतो. मीही वर्गात एका ओळीत संपवत आले.

तर मी माझ्या गल्लीपासून सुरुवात केली. आणि तिथे दादाची गरज लागली.

दादाची आणि माझी पत्रं २००६ ते २०१३ अशी जीमेलमध्ये होती. २०१४ मध्ये तो गेला. खातं सोडायचं तर पत्रांचं काय, या भीतीनं मी तो विषय टाळत होते. पण गूगलमधून आपला सगळा ऐवज उतरवून घ्यायची सोय २०११ पासूनच आहे, टेकआउट म्हणतात. श्रेय द्यायला हवं, हा दरवाजा त्यांनीच ठेवलाय. नातीनं मागणी नोंदवली, दुसऱ्या दिवशी भलीमोठी फाइल आली, ती थंडरबर्डमध्ये उघडली. ३८६ पत्रं. सुरुवातीची इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, वाचताना जीभ अडखळते. मग एके दिवशी त्याला देवनागरी जमली, ते पत्र नुसतं 'ताई, बघ' एवढंच आहे. मी धाकटी, पण तो मला लहानपणापासून ताई म्हणायचा.

त्यातल्या २००९ च्या एका पत्रात त्यानं आमच्या शनिवार पेठेतल्या गल्लीचं वर्णन लिहिलंय, आठवेल तसं. कोपऱ्यावरचा हौद, पार, बोळातून मागच्या आळीला जाणारी वाट. मी पत्राची छापील प्रत घेऊन सकाळी सहाला बाहेर पडले. पार नाही. वाट आहे, पण एकाच माणसाला जाता येईल एवढी. हौद आहे, कोरडा, वर कोणीतरी कुंड्या ठेवल्यात. नकाशात जे आज जागेवर आहे तेच दाखवायचं असा नियम आहे, म्हणून पार सोडून दिला. हौद आणि वाट घातली. दोन दिवसांनी पुण्याहून नातीनं फोन केला, "आजी, तुझा हौद माझ्या फोनवर दिसतोय!"

एकवीस दिवस संपले. आता काय, असं तो विद्यार्थी विचारेलच. शोधणं आणि ब्राउझर बदलले ते बदललेच. फोन कपाटातून बाहेर आला. यूट्यूब चालू आहे. ब्लॉग तूर्त इथेच, पण त्याचीही प्रत उतरवून ठेवली आहे. ईमेल झोहोवर, मात्र त्यानं काय साधलं कोण जाणे. बेंजामिन मेको हिल नावाचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं स्वतःचा मेल सर्व्हर चालवत होते. २०१४ मध्ये त्यांनी मोजून पाहिलं तर त्यांचा जवळपास निम्मा खाजगी पत्रव्यवहार तरीही गूगलकडे होता, कारण समोरची माणसं तिथे होती. माझंही तेच झालं. दादाच्या पत्रांची प्रत मी मोठ्या उत्साहानं भाच्याला ईमेलनं पाठवली. त्याचा पत्ता जीमेलचा. म्हणजे पत्रं फिरून होती तिथेच गेली!

म्हणून मग सगळी ३८६ छापून, पोवई नाक्यावर स्पायरल बाइंडिंग करून दोन प्रती केल्या. एक माझ्या कपाटात आहे. दुसरी परवा स्पीड पोस्टानं बडोद्याला धाडली. पोचली की कळव रे.